भिलाईचे उत्सववर्ष
पोलादनगरीतील सण आणि सार्वजनिक सोहळे

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नगर पोलादासाठी वसवले गेले. येथील कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या या प्रदेशात कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली आणि बंगाल, ओडिशा, आंध्र, केरळ, पंजाब, बिहार, महाराष्ट्र अशा सर्व दिशांनी माणसे आली. प्राचीन ग्रामदैवत, राजवाडा वा तीर्थक्षेत्र यांभोवती वाढलेल्या नगरांना उत्सवांची परंपरा वारशाने मिळते. भिलाईला ती आपल्या कामगारांच्या हातून घडवावी लागली. त्यामुळे येथील उत्सववर्ष हा या नगराच्या घडणीचा विश्वसनीय दस्तऐवज आहे.

या उत्सवांचे उगमानुसार तीन वर्ग पडतात : मूळ छत्तीसगडी कृषिसमाजाचे सण, स्थलांतरितांनी आणलेले प्रांतीय उत्सव, आणि उद्योग व नागरी जीवनातून निर्माण झालेले सोहळे. कालगणनेनुसारही वर्गीकरण करता येते. हरेली, पोळा, रथयात्रा आणि छठ चांद्र तिथींवर चालतात; विश्वकर्मापूजा आणि पोंगल सूर्यसंक्रमणावर; ईद आणि मोहरम हिजरी सनावर; तर नाताळ, कामगारदिन आणि राज्यस्थापनादिन इंग्रजी दिनांकांवर. एकाच वसाहतीत इतक्या कालगणना शेजारी शेजारी नांदतात.

पहिल्या वर्गातील आद्य सण हरेली. छत्तीसगडमध्ये पौर्णिमान्त मास मानला जातो, म्हणून तेथे ही श्रावण अमावास्या. आपल्या अमान्त गणनेत तीच आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. या दिवशी नांगर, कुदळ, फावडे इत्यादी अवजारे धुऊन त्यांची पूजा होते, गुळाच्या चिल्याचा, म्हणजे धिरड्याचा, नैवेद्य दाखवला जातो, दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात आणि मुले गेंडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चालतात. २०१९ मध्ये राज्यशासनाने हरेली आणि तीजा (हरितालिका) या सणांना सार्वजनिक सुटी दिली.

हरेलीनंतर एका महिन्याने पोळा येतो. तेथील भाद्रपद अमावास्या ही आपली श्रावण अमावास्या असल्याने विदर्भाचा आणि छत्तीसगडचा पोळा एकाच दिवशी पडतो. मुलग्यांसाठी चाके लावलेले मातीचे ‘नांदिया बैला’ आणि मुलींसाठी मातीचे जाते-चूल बाजारात येतात. घरोघरी ठेठरी आणि खुरमी तळली जाते. विदर्भातील तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांशी या खेळण्यांचे नाते सहज ओळखू येते. पुढे तीजेसाठी विवाहित स्त्रिया माहेरी येतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गौरा-गौरीच्या, म्हणजे शिव-पार्वतीच्या, मृण्मय मूर्तींचा विवाह लागतो आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. पौष पौर्णिमेच्या छेरछेराला मुले दारोदार धान्य मागतात. १८ डिसेंबरला सतनामी समाज गुरू घासीदास यांची जयंती साजरी करतो. जैतखांब या पवित्र स्तंभावर पांढरा ध्वज चढतो आणि पंथी नृत्य होते.

दुसरा वर्ग समजून घेण्यासाठी वसाहतीचा नकाशा उपयोगी पडतो. सेक्टर ६ मधील कालीबाडीत बंगाली समाजाची दुर्गापूजा होते. याच सेक्टरात गुरुद्वारा आणि जामा मशीदही आहे. सेक्टर ४ च्या जगन्नाथ मंदिरातून आषाढ शुद्ध द्वितीयेस रथ निघतो. सेक्टर ५ मध्ये तेलुगू भाषकांचे बालाजी मंदिर, तर सेक्टर २ मध्ये केरळीयांचे अय्यप्पा मंदिर आहे. सेक्टर २ च्याच तलावावर कार्तिक शुद्ध षष्ठीस, म्हणजे छठला, बिहार आणि पूर्वांचलातील कुटुंबे मावळत्या सूर्याला व दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. मूळ प्रांतात जो उत्सव घराण्याचा किंवा गावाचा होता, तो येथे भाषिक संस्थेचा झाला. वर्गणी, कार्यकारिणी आणि मंडप यांच्या आधाराने अपरिचित प्रदेशात समाज पुन्हा जुळवण्याचे कार्य त्याने केले.

या ठिकाणी मराठी धागाही नोंदवला पाहिजे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची प्रथा त्यांच्या काळात येथे रुजल्याचे प्रादेशिक इतिहासात सांगितले जाते. पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा, आणि १९५० नंतर मध्य प्रदेशाचा, भाग होता. त्यामुळे भिलाईला आलेल्या मराठी कुटुंबांना सार्वजनिक गणेशोत्सव नव्याने समजावून द्यावा लागला नाही.

तिसऱ्या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे १७ सप्टेंबरची विश्वकर्मापूजा. सूर्याच्या कन्यासंक्रमणाशी निगडित असल्याने ती बहुधा याच दिनांकास येते. विभागाविभागांत मूर्ती स्थापन होते आणि यंत्रांना हार घातले जातात. हरेलीला नांगर, विश्वकर्मापूजेला यंत्र आणि नवरात्राच्या अखेरीस खंडेनवमीला किंवा दाक्षिणात्यांच्या आयुधपूजेला पुन्हा शस्त्रे व साधने, अशा तीन साधनपूजा एका नगरात काही महिन्यांच्या आत होतात. शेतकरी, कामगार आणि दूरदेशीहून आलेला कारागीर यांची श्रद्धा एकाच सूत्रावर येऊन मिळते : ज्यावर आपला चरितार्थ चालतो, त्याला वर्षातून एकदा विश्रांती आणि वंदन.

नागरी सोहळ्यांत भारत-सोव्हिएत मैत्रीचे स्मारक म्हणून १९७२ मध्ये निर्माण झालेल्या मैत्रीबागेतील वार्षिक पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. कारखान्यातर्फे भरणाऱ्या छत्तीसगड लोककला महोत्सवाने ग्रामीण कलावंतांना नगराचा रंगमंच मिळवून दिला. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या पंडवानी या महाभारतकथा-गायनाच्या लोकप्रकारातील गायिका तीजनबाई यांना याच कारखान्याने नोकरीचा आधार दिला. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १ नोव्हेंबर हा २००० साली झालेल्या राज्यस्थापनेचा दिवस होय. स्मरणाचे दिवसही आहेत. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी आंदोलक कामगारांवर येथे गोळीबार झाला. नियोगींच्या अनुयायांनी हे दोन्ही दिवस शहीददिन म्हणून जपले आहेत.

उत्सवांची उपयुक्तता तीन प्रकारची दिसते. कुंभार, मूर्तिकार, मंडपवाले, वादक आणि फुलविक्रेते यांना त्यांतून हंगामी उपजीविका मिळते. घरी मातृभाषा बोलणाऱ्या, परंतु शाळेत हिंदी वा इंग्रजी शिकणाऱ्या पिढीला आजी-आजोबांची भाषा सार्वजनिक रूपात ऐकू येते. आणि ज्या मजुराची व अधिकाऱ्याची गाठ एरवी पाळीच्या भोंग्यावर पडते, ते एका पंगतीत बसतात.

कारखान्याचे मनुष्यबळ गेल्या काही दशकांत पुष्कळ घटले आहे आणि निवृत्तांपैकी अनेक आपापल्या प्रांतांत परतले आहेत. उत्सवांचे यजमानपद आता भिलाईतच जन्मलेल्या पिढीकडे जात आहे. या नगरातील संस्थांनी आपापल्या उत्सवांचे प्रारंभवर्ष, संस्थापक, विधी आणि गीते आजच लिहून ठेवली, तर पोलादाच्या इतिहासाशेजारी ते तयार करणाऱ्या माणसांचा इतिहासही उभा राहील. असा ग्रंथ सिद्ध करण्याइतकी समृद्ध सामग्री भिलाईपाशी निश्चित आहे.