पुराव्यानिशी निर्णय (भाग 6) : तळमजल्यावरचा माल

गेल्या भागात केस पद्धतीचं कौतुक करून झालं. अहमदाबादचं आयआयएम 1961 साली उभं राहिलं, त्याच्या पाठीशी हार्वर्ड होतं. तिथली ही पद्धत मग देशभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत रुजली. तिची एक अडचण मात्र मी या भागासाठी राखून ठेवली होती. केसच्या पंधरा-वीस पानांत लागेल ते सगळं आधीच आणून ठेवलेलं असतं: ताळेबंद, बाजाराचे आकडे, मालकाचं म्हणणं. विद्यार्थी त्यावर वाद झकास घालतो. पण ही माहिती कुणी जमवली, कशासाठी जमवली, तिच्यातून काय निसटलं, हे विचारायची वेळ त्याच्यावर येतच नाही. गादीवर बसल्यावर पहिल्याच दिवशी येते.

म्हणून आजची केस छापील नाही. सुरतेहून कडोदरा-बारडोलीकडे निघालं आणि सहारा दरवाजाची कापड मार्केटं मागे पडली की पर्वत पाटिया लागतं. एका अंगाला खानदेशी मराठी कानावर पडणारं लिंबायत, दुसऱ्या अंगाला पुणा-कुंभारिया. जवळून मिठी खाडी वाहते. पाऊस दणकून पडला की तिचं पाणी रस्त्यावर येतं. जून 2025 मध्येही आलं. वर्गापुढचा प्रश्न असा: इथल्या एका साडी व्यापाऱ्याचं गोदाम तळमजल्यावर आहे. पावसाळ्याआधी माल वरच्या मजल्यावर हलवावा का? (व्यापारी कल्पित आहे, पाणी खरं.) वरच्या गाळ्याचं भाडं, चढवण्या-उतरवण्याची हमाली आणि रोजचा खोळंबा एका पारड्यात, भिजलेला माल दुसऱ्यात. त्यात राखी, नवरात्र, दिवाळीचा माल भरायचे दिवस नेमके पावसाळ्याचेच.

असा प्रश्न कसा हाताळायचा, याचा धडा व्यवस्थापनाने डॉक्टरांकडून घेतला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली पुराव्यावर आधारित वैद्यकाचा आग्रह धरला. कार्नेगी मेलनच्या डेनिस रूसो यांनी 2006 मध्ये हाच आग्रह व्यवस्थापकांकडे धरला. पुढे एरिक बॅरेंड्स यांच्याबरोबर त्यांनी जी मांडणी केली तिच्यात पुराव्याचे चार झरे आहेत: प्रकाशित संशोधन, धंद्यातल्या नोंदी, जाणत्यांचा अनुभव, आणि निर्णयाची झळ ज्यांना बसणार त्यांचं म्हणणं. चार नावं पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. कसोटी पुढे आहे, कारण चौघांचं क्वचितच जुळतं.

अनुभवच घ्या. सुरतेत पुराचा विषय काढा, चाळिशीपुढचा माणूस 2006 वर येतो. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून तापीत सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बराच भाग बुडाला. ते पाहिलेला व्यापारी आजही पावसाळ्यात उकाईच्या पातळीवर डोळा ठेवून असतो. धरण रिकामं असलं की निर्धास्त. पण मिठी खाडी उकाईला विचारून चढत नाही. तिच्यात वरच्या अंगाच्या गावांतला पाऊस उतरतो, तोही काही तासांत. जून 2025 चंच बघा: मोसमाचा पहिला जोर, धरण भरण्याचा संबंधच नव्हता. म्हणजे अनुभव खरा, सांगणारा प्रामाणिक, आणि तरी या प्रश्नाला त्याचा उपयोग थोडाच. तो दुसऱ्या पुराचा अनुभव आहे.

त्याच गोदामातला हमाल मात्र वेगळं सांगेल. पाणी आधी गटाराच्या तोंडातून वर येतं की रस्त्यावरून आत शिरतं, कोणत्या शटरखालून पहिल्यांदा येतं, खालच्या थरातले किती गठ्ठे भिजतात, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेबद्दल एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे अभ्यासक. 2009 मध्ये एकत्र लिहिताना त्यांचं एका गोष्टीवर जमलं: परिस्थितीला काही नियमितपणा असेल आणि आपला अंदाज चुकला की बरोबर हे माणसाला वारंवार कळत असेल, तरच त्याच्या अंदाजावर भिस्त ठेवावी. या कसोटीला हमाल उतरतो, शेटजी उतरत नाहीत. वर्गात हे सांगितलं की धंदेवाईक घरांतली मुलं चुळबुळतात. चुळबुळू द्यावं.

नोंदींचा मोह सगळ्यांत मोठा, कारण आकडे एक्सेलमध्ये बसतात. विद्यार्थी खातेवही उघडतो, ‘पुराचं नुकसान’ असं खातंच सापडत नाही, आणि नुकसान झालं नाही असं लिहून मोकळा होतो. डाग पडलेल्या साड्या ‘सेकंड’ म्हणून लॉटमध्ये पडत्या भावाने गेल्या असतील तर ती रक्कम विक्रीतच मिसळलेली असणार. ती शोधायची तर जुलै-ऑगस्टची बिलं काढून दर ताडून पाहावे लागतील, आणि कुठला माल का स्वस्त गेला हे मुनीमजींना विचारावं लागेल. विम्याचा कागदही पाहायला हवा. पॉलिसीत पूर धरलाय का आणि माल कुठे ठेवल्याचं लिहिलंय, हे व्यापाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये.

संशोधनाकडून इथे फार अपेक्षा नकोत. पर्वत पाटियातल्या साडीच्या गोदामावर कुणी प्रबंध लिहून ठेवलेला नसतो. शहरी पुराचे अभ्यास आणि महापालिकेचे खाड्यांच्या पातळीचे आकडे एवढं मात्र सांगू शकतात की पाणी किती वेगाने चढतं, म्हणजेच इशारा मिळाल्यावर हाताशी किती तास उरतात. प्रश्न तिथेच पालटतो. सगळा माल जूनमध्येच वर न्यायची गरज आहे का? खालचे दोन थर लोखंडी घोड्यांवर चढवून, बाकीच्यासाठी रात्रीबेरात्री येणारी माणसं आधीच ठरवून ठेवली तर? हा तिसरा पर्याय मूळ प्रश्नात नव्हता. आणि तो चालेल की नाही हे हमालांशी बोलल्याशिवाय कळणार नाही: तुफान पावसात त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरत असेल, तर ते गोदामावर येतील कशाला?

गुण द्यायचे ते निर्णयाला देऊ नयेत. विद्यार्थ्याने मे महिन्यात लिहून द्यावं की यंदा गोदामात पाणी शिरण्याची शक्यता त्याला किती टक्के वाटते, कोणत्या पुराव्यामुळे तो आकडा वर गेला आणि कोणत्यामुळे खाली आला. पाऊस सरल्यावर तो कागद उघडायचा. पाणी आलं नाही म्हणून माल खाली ठेवणारा शहाणा ठरत नाही. दहा टक्के शक्यता हा अंदाज बरोबर असला, तरी सरासरीने दहातल्या एका वर्षी पाणी येणारच. एका मोसमाच्या निकालावरून अंदाजाची पारख कशी करायची, हा हिशेब पुढच्या भागात.