भिंतीवरचा हट्टी कागद

दिवाणखान्याच्या एका भिंतीला विटांच्या नक्षीचा कागद, मुलांच्या खोलीत ढग नाहीतर फुलपाखरं, असा वॉलपेपर आता आपल्या गावोगावच्या फ्लॅटमधूनही दिसतो. लावला तेव्हा एका दिवसात खोलीचं रूप पालटलं, याचं कौतुक झालेलं असतं. मग पाच-सात पावसाळे जातात. कोपरे वळतात, जोड उघडे पडतात आणि तो काढायची वेळ येते. रंगारी भिंतीकडे बघून मान हलवतो, “वहिनी, पुट्टीसकट खरवडावं लागेल,” म्हणतो आणि मजुरीचा जो आकडा सांगतो तो ऐकून आपण कागदावर कॅलेंडर टांगतो.

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला घरी करता येतं. त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. मात्र हा कागद हट्टी का असतो तेवढं आधी समजून घ्यायला हवं.

बहुतेक वॉलपेपरचा वरचा थर प्लास्टिकचा म्हणजे व्हिनाइलचा असतो. त्याखाली कागदाचं अस्तर आणि त्यामागे खळ. ही खळ स्टार्चची किंवा सेल्युलोजची असते, पाण्याने फुगते आणि सुटते. म्हणजे भिंतीला कागद धरून ठेवणारी वस्तू अगदी गरीब. अडवणारा आहे तो वरचा प्लास्टिकचा थर. छत्रीवर पाणी ओतावं तसं आपण वरून कितीही पाणी मारलं तरी ते ओघळून फरशीवर येतं आणि खळ कोरडी ती कोरडीच.

म्हणून ते टोचायचं हत्यार. हातात मावेल अशी मूठ आणि खाली दातेरी चाकं, एवढंच. दुकानात ‘वॉलपेपर स्कोअरर’ म्हणून मागायचं. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर ऑनलाइन मागवता येतं. करंजीच्या कडा कापायचं आपलं कातणं किंवा शिवणकामातलं ट्रेसिंग व्हील ज्यांनी वापरलंय त्यांना ते निराळं शिकावं लागत नाही. पातळ कागद असेल आणि भिंत लहान असेल तर ते ट्रेसिंग व्हीलच वापरा, काम होतं. करंजीचं कातणं मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या!

हे हत्यार कागद फाडण्यासाठी नाही. पाण्याला आत जायला वाट करून देण्यासाठी आहे. सगळी गोम इथे आहे. हात जड पडला की दात कागदातून थेट पुट्टीत जातात आणि मग भिंतभर देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे बुजवत बसावं लागतं. कपाटामागे चार बोटं जागेवर आधी करून पाहावं. हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं, तिथे ओला हात लावायचा, पाच मिनिटांनी नखाने कागद उचलायचा. खालच्या पुट्टीवर टिंबं उमटली असतील तर दाब निम्मा करा. भिंतीला पीओपी किंवा जिप्समचं प्लास्टर असेल तर फारच जपून, कारण ते पाण्याने मऊ पडतं.

त्याहीआधी एक गोष्ट करून बघा. एखादा सुटलेला कोपरा धरून वरचा थर कोरडाच, भिंतीला समांतर, सावकाश ओढा. कित्येक कागदांचा प्लास्टिकचा पापुद्रा असाच पट्टीच्या पट्टी निघून येतो आणि मागे नुसतं अस्तर राहतं. तसं झालं तर टोचायची गरजच नाही, अस्तर पाणी पितं. आणि तुमचा ‘वॉलपेपर’ मागचा कागद सोलून चिकटवायचा स्टिकर असेल, किंवा फुगीर फोमच्या विटा असतील, तर त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही. तिथे केस वाळवायच्या ड्रायरची ऊब देत देत सोलावं लागतं. हे न बघता टोचत बसलं तर दिवस फुकट जातो.

आता मुख्य काम. खोलीतला पुरुषभर पसारा मधोमध आणून चादरींनी झाका. भिंतीवर बटणं, प्लग असतील तर त्या खोलीची वीज मेनवरून बंद करा. ही गोष्ट सांगायची राहून जाते, म्हणून आधीच सांगते. बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा पातळ साबण घाला. वाटीभर व्हिनेगर घातलं तरी चालतं. दोन हात रुंद एवढीच पट्टी घ्या, टोचा, स्प्रेच्या बाटलीने वरून खाली भिजवा आणि पंधरा-वीस मिनिटं तिच्याकडे बघूही नका. चहा करा, कुकर लावा. परत येऊन पुन्हा एकदा भिजवा. मग पुट्टी लावायची रुंद पट्टी अगदी तिरकी धरून कागदाखाली सरकवा. निघत नसेल तर जोर न लावता पाणी लावायचं. सगळी भिंत एकदम भिजवली तर पहिलं टोक काढेपर्यंत दुसरं वाळतं, म्हणून तो मोह नको.

कागद निघाला म्हणजे काम झालं असं रंगारीसुद्धा समजतात. पण राहिलेल्या खळीवर रंग दिला तर तो तडकतो, सोलतो. भिंत ओली करून तळवा फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ आहे. स्पंज आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसायचं. शाळेत मुलांना बटाट्यावर आयोडिनचा थेंब टाकून निळा-काळा रंग दाखवतो ना, तो प्रयोग इथेही चालतो. खळ स्टार्चची असेल तर टिंक्चर आयोडिनचा थेंब लगेच निळा होतो. सेल्युलोजच्या खळीला तो काही सांगत नाही, तिथे तळवाच खरा.

जुन्या घरात कागदाखाली कधीकधी ऑइल पेंट निघतो. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर कोरडा घासू नका, धूळ मुलांच्या पोटात जाते.

आणि कागदाखाली आणखी काय निघेल हेही सांगायला हवं. माझ्या थोरल्या नणंदेच्या घरी, मिरजेला, गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मुलीच्या खोलीतली भिंत काढली. भिंतीपलीकडे न्हाणीघर. मुलीला रात्री खोकला, दोन वर्षं औषधं चालू. डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात ओल आहे का?” वन्संनी खात्रीने नाही म्हणून सांगितलं होतं, कारण भिंतीवर गुलाबी ढग होते आणि ढग कोरडे होते. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत कागद उचलला तर मागे काळ्या बुरशीचा पट्टा, हातभर रुंद. प्लास्टिकमागे ओल अडकून राहिली होती, बाहेर दिसणार कशी? ओलसर, बुरशी आलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वासाच्या तक्रारींशी संबंध आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावरच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मांडलेलं आहे. वन्सं काही बोलल्या नाहीत. मुलीची गादी उचलून त्यांनी आधी आपल्या खोलीत नेली.

बुरशी दिसली तर कोरडी खरवडायची नाही, ती उडते. नाकाला मास्क, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर, आणि साबणाच्या पाण्याने ओली करूनच पुसायची. फडकी फेकून द्यायची. आणि हे फार महत्त्वाचं: ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर त्या भिंतीवर व्हिनेगर मारलेलं नको, न्हाणीघरातलं अ‍ॅसिड तर मुळीच नको. दोन्ही मिळून क्लोरिन वायू तयार होतो.

पुढे प्लंबर आला, न्हाणीघरातल्या नळाचा सांधा झिरपत होता तो बदलला. खरी कसोटी त्यानंतर आली. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर, आणि ती भिंत उघडीवाघडी, डागाडागांची. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नवा कागद चढवून टाक गं, चार तासांचं काम.” वन्संनी सरळ नाही सांगितलं. वाण त्या डागाळलेल्या भिंतीसमोरच लुटलं गेलं.

भिंत वाळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. फूटभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा भिंत गडद झाली तर अजून थांबायचं. मिरजेच्या भिंतीने होळीपर्यंत वेळ घेतला. मग साधा पांढरा रंग दिला. मुलीचा खोकला पूर्ण गेला असं नाही, पण गादी परत तिच्या खोलीत गेली आहे.

हत्याराचे दात ब्रशने धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवा, नाहीतर गंजतात. आमचं सध्या वन्संच्या शेजारच्या काकूंकडे आहे.