लॉकरातला गणपती

कुंभकोणमच्या आमच्या मराठी मंडळाचा पंचलोहाचा गणपती यंदा मांडवात बसणार नाही. तो बँकेच्या लॉकरात राहील आणि त्याच्या जागी ट्रकमधून अकरा फुटी रंगीत मूर्ती येईल, असा कार्यकारिणीचा ठराव गेल्या महिन्यात मोबाइलच्या ग्रुपवर आला. कारण सुरक्षिततेचं. दुसरं कारण असं की जुनी मूर्ती फार लहान, फोटोत दिसत नाही. खाली भराभर अंगठे उमटले. मी तिथून परतून आता बरीच वर्षं झाली. मंडळात मत नाही, पण ग्रुपात अजून नाव आहे. तिथे लिहिलं तर कोणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कशी शिरली आणि देशभर कशी पसरली, हे प्रत्येक स्मरणिकेच्या पहिल्या पानावर असतं, तेही तेच फोटो लावून. पाऊस नव्हता म्हणून निघालो आणि सराफ दिसेल तिथे भट्टी मांडली, एवढं पुरे. मंडळाची सुरुवातीची वर्षंही मी सोडून देतो. तेव्हा मंडळ म्हणजे शिवरायांची एक तसबीर, एक सतरंजी आणि एक पावतीपुस्तक. वर्षातून एकदा हार घालायचा, एकदा वर्गणीवरून भांडायचं. त्यात आठवावं असं काही नाही, आणि ज्यांना आठवतं ते फार वेळ सांगत बसतात.

खरं मंडळ नव्वदच्या दशकातलं. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, सराफी मोकळी झाली आणि गाळायला माल वाढला. माल वाढला तशी गावाकडून पोरं यायला लागली. मिसरूड फुटायच्या आत आलेली, तमिळचा एक शब्द न येणारी. दुकान दोन खणांचं: पुढे गिऱ्हाईक, मागे भट्टी, वर पोटमाळा. सोनाराच्या दुकानातला केर, जुने दागिने, तुटक्या तारा असं काय काय यायचं. मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, तेजाबात घालायचं, धुवायचं, पुन्हा गाळायचं आणि शुद्ध लगड करून परत द्यायची. तेजाबाची वाफ नाकात, तीच पोटमाळ्यावर उशाशी. फोन म्हणजे एसटीडी बूथ, रात्री दर उतरल्यावर. गावाला जायचं तर मीटर गेजच्या गाडीने आधी मद्रास गाठायचं आणि तिथून पुढचं बघायचं.

अशा पोरांना मंडळ कशाला हवं होतं? संस्कृती टिकवायला नव्हे. ते भाषणात. त्यांना भाकरी हवी होती. आठवडाभर इडली-सांबार-भात खाऊन जीव विटलेला असायचा, तेव्हा सुट्टीच्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पिठलं-भाकरी व्हायची. पीठ गावाहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीतून यायचं. पाळ्या लावलेल्या होत्या. पाळी चुकली तर पुढच्या वेळी भांडी. दुकानमालकालाही यात सूट नव्हती, आणि खरी मजा तीच होती. ज्याच्या भट्टीवर दहा जण कामाला, तो मालक मांडी घालून भाकरी थापतोय आणि त्याचाच गडी सांगतोय, ‘आबा, कड जाड राहिली.’

दुसरी गोष्ट भिशी. महिन्याच्या पहिल्या बैठकीला चिठ्ठ्या निघायच्या आणि नियम एकच: हजर नसेल त्याची चिठ्ठी डब्यात जाणार नाही. कुंभकोणम हे पैशाचं गाव, १९०४ साली इथे निघालेल्या कुंभकोणम बँकेची आजची सिटी युनियन बँक झाली. पण आमच्या पोरांना बँकेत कोण उभं करणार? भिशीतून कोणी बहिणीचं लग्न केलं, कोणी विहीर खणली. विहिरीला पाणी लागलं नाही, तो भाग वेगळा. तिसरी गोष्ट मयताची. परमुलखात कोणी दगावला तर त्याला गावाकडे पोचवायचा खर्च आणि सोबत जाणारे दोन जण मंडळ द्यायचं. याची वही वेगळी होती. ती खजिनदाराकडे असायची आणि तिच्याबद्दल कोणी विनोद करत नसे.

मराठी मंडळांचे सभासद का टिकत नाहीत यावर आता परिसंवाद होतात. मीही दोन-तीन ऐकले. प्रत्येकात एक वक्ता म्हणतो की तरुणांना आवडतील असे कार्यक्रम द्या. मला वाटतं, घोळ तिथेच आहे. ‘द्या’ म्हटलं की कोणीतरी देणारा आणि बाकी सगळे घेणारे झाले. आमच्याकडे कार्यक्रम नव्हताच, काम होतं. माणूस कार्यक्रमाला दांडी मारतो. त्याच्या वाटची कणीक कोणीतरी मळायची असते तेव्हा मारत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तो गणपती. कुंभकोणमपासून बसने थोड्या अंतरावर, कावेरीकाठी स्वामीमलै आहे. मुरुगनच्या सहा मुख्य क्षेत्रांतलं एक. मुलाने बापाला, म्हणजे कार्तिकेयाने शिवाला, ओंकाराचा अर्थ इथे सांगितला अशी श्रद्धा. देवळाला साठ पायऱ्या, तमिळ पंचांगातल्या साठ संवत्सरांच्या. आम्हा गलाईवाल्यांना मात्र देवळापेक्षा खालच्या गल्ल्यांची ओढ जास्त. तिथे धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळा आहेत आणि तिथेही भट्टी, मूस, चिमटे. आपलीच भावकी भेटल्यासारखं व्हायचं. भाषा येत नसली तरी धातूचा रंग बघून ‘आता ओत’ हे दोघांनाही एकाच क्षणी कळायचं.

मंडळाने मूर्ती करायची ठरवली तेव्हा दोन पक्ष पडले. एक म्हणाला, पुण्याहून आणू. दुसरा म्हणाला, रोज धातू ओतणारी माणसं आपण, आणि देव मातीचा विकत आणायचा? दुसरा पक्ष जिंकला, कारण पुण्याहून आणायला कोण जाणार हे ठरेना.

मग कित्येक आठवडे सुट्टीचे दिवस स्वामीमलैत गेले. स्थपतीने नारळाच्या झावळीची पट्टी घेतली, घड्या घालून तिच्यावर मापं पाडली. पट्टी-टेप काही नाही. मधमाशीचं मेण आणि राळ कालवून मेणाचा गणपती झाला. त्यावर कावेरीचा गाळ, आधी अगदी बारीक, पातळ थर, म्हणजे नखाएवढा तपशीलही उतरावा. मग जाड माती, वर तारेची बांधणी. सुकला की तापवायचा, मेण वाहून जातं आणि आत पोकळी राहते. एका मूर्तीला एकच साचा, तोही शेवटी फोडायचा. या मूर्तींना पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ मध्ये दिल्लीत भारत मंडपमसमोर जी-२० साठी २७ फुटी नटराज उभा राहिला तोही इथल्याच स्थपतींनी याच रीतीने ओतलेला. तेव्हा आमच्या ग्रुपात त्याचे फोटो फिरले. आपला गणपतीही त्याच गल्लीतला, हे एकालाही आठवलं नाही.

पंचलोहात तांबं मुख्य, मग पितळ, शिसं, आणि चांदी-सोनं नावापुरतं. ते नावापुरतं यजमानाने मुशीत घालायचं असतं. इतर गिऱ्हाईकं एखादी अंगठी टाकतात. आमच्याकडे यजमान अख्खं मंडळ. ओतायच्या दिवशी प्रत्येकाने पुडी आणली होती. कोणाची गुंजभर, कोणाची त्याहून कमी. मालकांनी किती घातलं ते कोणी विचारलं नाही, पण पोटमाळ्यावरच्या पोरांनी काय काय केलं ते मला ठाऊक आहे. एकाने मुंजीतली भिकबाळी आणली. एकाने महिनाभर विडी सोडून चांदीचा तुकडा घेतला. आम्ही सगळे टंच काढणारी माणसं, दुसऱ्याच्या सोन्यात खोट शोधणं हा धंदा. त्या दिवशी कोणी कोणाची पुडी पारखली नाही. मूस पांढरी झाली, स्थपतीने मान हलवली आणि रस मातीत गेला. मातीचं कवच फोडलं तेव्हा आत निघालेला गणपती काळवंडलेला, ओबडधोबड होता. पुढचं कोरीवकाम, घासकाम महिनाभर चाललं. वीतभर उंचीचा देव. फोटोत दिसत नाही, हे खरं आहे.

त्यानंतरची चार-पाच वर्षं सभासदांना बोलवावं लागलं नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये गावातल्या तलावावर बारा वर्षांनी येणारा महामहमचा स्नानमेळा भरला, तेव्हा मंडळाने रस्त्यावर पाण्याचे रांजण मांडले. अठरा तारखेला मुख्य स्नान होतं आणि मुख्यमंत्री जयललिताही आल्या होत्या. तलावाकडे चेंगराचेंगरी झाली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. आमचे रांजण तलावापासून लांब होते. बातमी आली तेव्हा गर्दी उलटी फिरली होती, चपला हरवलेली, मुलं हरवलेली माणसं येत होती. रांजण आवरा असं कोणी म्हणालं नाही. रात्री उशिरापर्यंत पोरं पाणी देत राहिली, तोडक्या तमिळमध्ये हरवलेल्यांची नावं विचारत राहिली. गावाने आम्हाला ओळखायला सुरुवात केली ती तेव्हापासून, हार घातलेल्या मिरवणुकांमुळे नव्हे.

त्याच वर्षांत कधीतरी आम्ही तंजावरला बस केली होती. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजी महाराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. आमच्यातला सातवी नापास गडी बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागला. अडखळत, पण वाचायला. मागून कोणी मार्गदर्शक नव्हता, माइक नव्हता. आता सहल निघते तेव्हा वातानुकूलित बसमध्ये अंताक्षरी होते आणि त्या भिंतीपुढे सेल्फी.

उतरती कळा कधी लागली? मी सांगतो, कोणाला राग आला तर येवो. एक अध्यक्ष आले, पैसेवाले, मनाने वाईट नव्हते. त्यांनी पहिल्याच वर्षी भाकऱ्यांच्या पाळ्या बंद करून आचारी ठेवला. म्हणाले, आपली माणसं कशाला राबवायची? टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या असतील. दुसऱ्या वर्षी मुंबईहून ऑर्केस्ट्रा. तिसऱ्या वर्षी आजीव सभासदत्व: एकदाच पैसे भरा, पुन्हा वर्गणीची कटकट नको. त्या कटकटीसाठीच तर महिन्यातून एकदा खजिनदार प्रत्येक पोटमाळ्यावर चढायचा, कोण आजारी आहे, कोणाचा पगार अडलाय हे त्याला तिथे कळायचं. पावती फाडायला गेलेला माणूस चहा पिऊन यायचा. तो चहाच गेला. पुढे फ्लेक्स आले, फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा यावरून मंडळ फुटलं. आता दोन आहेत, एक विट्याकडच्यांचं, एक आटपाडीकडच्यांचं. मधली वीस वर्षं मी लिहीत नाही. भूमिपूजन, कोनशिला, पुन्हा भूमिपूजन.

त्याच स्वामीमलैत उलटं चित्र दिसतं, म्हणून जास्त झोंबतं. अरुणगिरीनाथांचं तिरुप्पुगळ, म्हणजे मुरुगनची पदं, गाणाऱ्यांचे गट तिथे येतात. दिल्लीत राघवन गुरुजींनी लावलेली ही परंपरा, मुंबईतही तिचे वर्ग चालतात. शिकायला फी नाही. गवई एकीकडे आणि श्रोते दुसरीकडे असं काही नाही; आलेला प्रत्येक जण गातो, तालासुरात कच्चा असला तरी गातो. साठीच्या आजींना शेजारची कॉलेजातली मुलगी ताल चुकला म्हणून खुणावते. त्यांना सभासद कसे टिकवता असं मी एकदा विचारलं होतं. त्यांना प्रश्नच समजला नाही.

सगळा दोष अध्यक्षांच्या माथी मारणं सोयीचं आहे, आणि मी तो मारलाच आहे. पण धंद्याचंही कंबरडं मोडलं. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, मग टाळेबंदी, आणि २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती. सोन्याचा कस आता यंत्र क्षणात सांगतं; मोठ्या रिफायनऱ्या माल उचलतात. पोटमाळे रिकामे झाले. पैसे मोबाइलवरून क्षणात गावी जातात, भिशीचं कारण उरलं नाही. आईचा चेहरा पडद्यावर रोज दिसतो. नव्वदच्या दशकातलं आमचं मंडळ आमच्या एकटेपणावर चाललं होतं, हे कबूल करायला हवं. तो एकटेपणा पुन्हा कोणाच्या पोरावर यावा असं मी म्हणणार नाही.

शिवाय गावाकडे टेंभू योजनेचं पाणी आलं. आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, खानापुरात द्राक्षं. माझ्या चुलतभावाचा मुलगा कुंभकोणमला जायला निघाला होता, तो राहिला. आता ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती करतो आणि बरं कमावतो. त्याच्या गावातल्या गणेश मंडळात मी गेल्या वर्षी गेलो. तिथेही आचारी, तिथेही ऑर्केस्ट्रा, आणि पोरं खुर्च्यांवर बसून मोबाइल बघत होती. म्हणजे परमुलूख हे कारण नाही, एकटेपणा संपला हेही नाही.

कुंभकोणमच्या दोन्ही मंडळांचा आचारी एकच आहे. तो स्वामीमलैजवळचा, आमच्या पोरांकडूनच पिठलं शिकलेला. दोघांना वेगवेगळं बिल लावतो, आणि ऐकलंय की पिठलं आता दोन्हीकडे तोच एकटा हाटतो.