मोटारीचे स्टिअरिंग सैल का होते?

उसाचा हंगाम ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. गडमुडशिंगीहून हुपरीच्या रस्त्याने मी आमची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन निघालो होतो. शेजारी घरची मंडळी. समोरून उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर आला. मी स्टिअरिंग डावीकडे घेतले. हातातले चक्र फिरले, पण गाडी काही क्षण सरळच चालली. आणि मग एकदम डावीकडे गेली. ट्रॉलीतल्या उसाची पाने आमच्या खिडकीला घासून गेली, इतकेच. पण त्या एका क्षणाने मला जो धडा दिला, तो आज तुम्हाला सांगणार आहे.

या दोषाची मला तोवर कल्पना नव्हती असे नाही. महिन्यापूर्वीच एका मिस्त्रीने स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळून दिला होता. चार दिवस बरे वाटले. पुढे वळणावरून गाडी सरळ केली तरी स्टिअरिंग आपोआप माघारी येईना, आणि सैलपणा मात्र होता तसाच. म्हणजे दुखणे पायाला आणि औषध डोक्याला!

आधी शब्द नीट समजून घेऊ. गाडी रस्त्यावर डुलते, एका बाजूला ओढते किंवा ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते, या तिन्ही तक्रारींना आपण सरसकट 'स्टिअरिंग सैल झाले' म्हणतो. ते बरोबर नाही. गाडी ओढत असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या टायरांतली हवा आणि ब्रेक पाहावेत. थरथरत असेल तर चाकाचा तोल पाहावा. हातातले चक्र फिरते आणि तेवढ्यापुरते पुढचे चाक हलतच नाही, तोच खरा सैलपणा. मिस्त्री मंडळी त्याला 'प्ले' म्हणतात.

हा प्ले येतो कुठून? स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक साखळीच असते. वर चक्र, त्याखाली लांब दांडा, मग पेटी. पेटीत आटे पाडलेला एक दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात. पेटीतून बाहेर निघालेला आर्म पुढच्या दांड्यांना ढकलतो, आणि त्या दांड्यांच्या टोकांचे बॉल जॉइंट, म्हणजे टायरॉड एंड, चाकांना वळवतात. पद्मिनीत आणि जुन्या जीपमध्ये पेटी असते. ॲम्बॅसडरमध्ये आणि मारुती ८०० मध्ये तिच्या जागी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक असते. साखळीतला प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो आणि साऱ्यांची झीज मिळून तुमच्या हाताला जाणवते. बैलगाडीचे चाक आखावर खुळखुळू लागते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, येथे खुळखुळ एका ठिकाणी नसून अनेक ठिकाणी वाटलेली असते.

शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात अवश्य सांगावे. समजा, चाकाला वळवणारा आर्म १५ सेंटिमीटर लांब आहे आणि रस्त्यावरचे चाक १ अंश वळायला स्टिअरिंग १६ अंश फिरवावे लागते. अशा गाडीत टायरॉडच्या सांध्यात १ मिलिमीटर झीज झाली, तर ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ती सुमारे २ सेंटिमीटर होऊन दिसते. राईएवढी झीज हातात आवळ्याएवढी होते ती अशी.

कायद्यानेही मर्यादा घातली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो की, स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असू नये. ३० अंश म्हणजे घड्याळातले एका तासाचे अंतर. वर सांगितलेल्या स्टिअरिंगच्या कडेवर ते साडेदहा सेंटिमीटर भरते. पण ही शेवटची हद्द आहे, चांगल्या प्रकृतीची खूण नव्हे. पेटीच्या गाडीत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक प्ले दिसला, की तपासणीला लागावे. रॅकच्या गाडीत त्याहूनही कमी चालतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा. चाके सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग असेल तरच इंजिन चालू ठेवावे. स्टिअरिंगच्या कडेवर खडूने खूण करा. एकाने आत बसून चक्र हळूच डावी-उजवीकडे हलवावे आणि बाहेरच्याने पुढच्या चाकावर नजर ठेवावी. चाक हलू लागेपर्यंत खूण किती सरकली ते मोजा.

मग साखळी वरून खाली पाहत जा. आतल्याने चक्र तसेच हलवत राहावे. पेटीत जाणारा दांडा फिरतो आणि बाहेरचा आर्म हलत नाही, तर दोष पेटीत. आर्म हलतो आणि पुढचा दांडा थांबून मागाहून हलतो, तर दोष मधल्या सांध्यात. पेटीच सबंध जागची सरकते, तर तिचे बोल्ट ढिले किंवा चासीला चीर. तात्पर्य, हालचाल जिथे हरवते तिथे रोग. मात्र बोटे हलत्या दांड्यांच्या मध्ये घालू नयेत.

यानंतर पुढचे एक चाक जॅकने उचला, खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खडखडले तर एकाने ब्रेक दाबावा. खडखड थांबली तर बेअरिंग सैल. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला. ९ आणि ३ च्या जागी धरूनच तेवढे हलत असेल, तर बहुधा टायरॉड एंड गेला.

माझ्या गाडीत नेमके हेच निघाले. डावीकडचा टायरॉड एंड खुळखुळा झाला होता. रबरी टोपी फाटली होती, आत धूळ शिरून वंगण सुकले होते. म्हणूनच नियमात या टोप्यांचाही उल्लेख आहे, हे लक्षात घ्यावे. टोपी काही रुपयांची, पण तिच्यावाचून सांधा मरतो.

दुरुस्तीबाबत तीन गोष्टी सांगतो. एक, पेटीचा स्क्रू सर्वांत शेवटी आवळावा आणि तोही चाके सरळ ठेवून. पेटी मध्यभागी अधिक झिजते. जादा आवळली की वळणावर अडकते. दोन, झिजलेला बॉल जॉइंट ठोकून किंवा वेल्डिंग करून कधीही चालवू नये; नवा घालावा, आणि जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. किंगपिनचा बुश मात्र नवा बसवून रीमरने बेताचा करता येतो. अशा कामाला आपल्या उद्यमनगरात हात आहेत. तीन, टायरॉड बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाही तर टायर महिन्या-दोन महिन्यांत खाल्ले जातील.

जुनी मोटार म्हणजे वाईट मोटार असे मुळीच नाही. छत्रपतींची जुनी मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, ती निगराणीच्या जोरावर. ॲम्बॅसडर २०१४ साली आणि पद्मिनी २००१ साली बनायची थांबली, तरी खेड्यापाड्यांत त्या अजून दिसतात. जीप तर वाडी-वस्तीवर वऱ्हाड नेते आणि आजारी माणसाला दवाखान्यातही पोहोचवते. अशा गाडीत बसलेली माणसे चालकाच्या हातावर विसंबून असतात, आणि चालकाचा हात त्या लहानशा सांध्यावर.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधी एक सकाळ काढा, आणि खडूची एक खूण करून पाहा. प्ले चार बोटांच्या पलीकडे गेला असेल, तर गाडी दारात उभी राहू द्या आणि त्या दिवशी एस. टी. ने जा. उशीर झाला तरी चालेल. घरी वाट पाहणारे माणूस तेवढा वेळ खुशाल थांबेल.