भाजलेले बदक आणि मुकी इंग्रजी

चीनमध्ये आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला ‘या-स’ म्हणतात. ‘या’ म्हणजे अभिजात, ‘स’ म्हणजे विचार. परकी नावे घेताना ध्वनी जुळवायचा आणि अर्थही शोभेलसा निवडायचा, ही चिनी भाषेची जुनी रीत आहे. टोफेलचेही असेच ‘थ्वो-फू’ झाले, ज्याचा अर्थ साधारण ‘आपल्या कृपेने’ असा लागतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र स्वतःसाठी निराळाच शब्द घडवला. ‘या-सची परीक्षा देणे’ याचे आखूड रूप ‘खाओ-या’, आणि भाजलेल्या बदकालाही ‘खाओ-या’च म्हणतात. म्हणून हे परीक्षार्थी एकमेकांना भाजलेली बदके म्हणतात. हवा तो बँड, म्हणजे गुणांची पातळी, मिळाला की ‘बदक कापले’, आणि परीक्षेशी ‘आता आमचे तुटले’. या बोलीत थट्टा आहे तशी दमणूकही आहे, कारण यातली कित्येक बदके शाळकरी नाहीत. छंतूमधल्या रुग्णालयातली परिचारिका, शन्चनमधला इंजिनिअर, शांघायमधला हिशेबनीस अशी दिवसभर आपल्या कामात तरबेज असलेली माणसे रात्री दहानंतर सरावाच्या प्रश्नपत्रिका उघडतात.

ही माणसे शाळेपासून इंग्रजी शिकत आली आहेत. तरी अकरा ते चौदा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ती अडतात, आणि अडतात ती सहा-साडेसहाच्या आसपास, जिथे त्यांना सात हवे असतात. याचे नेहमीचे उत्तर असे, की चिनी भाषा इंग्रजीपासून फार दूर आहे. मला ते उत्तर अपुरे वाटते. बोलताना अडणारी ही इंग्रजी मातृभाषेने जितकी घडवली, त्याहून कितीतरी अधिक ती एकामागून एक दिलेल्या परीक्षांनी घडवली आहे. जे तपासले जाते तेच घोटले जाते, आणि जे तपासले जात नाही ते मुके राहते. चिनी लोक स्वतःच याला ‘याबा इंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी, म्हणतात.

हे कसे घडले, ते इतिहासात दिसते. बेजिंगमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी १८६२ मध्ये थोंगवन क्वान ही सरकारी शाळा निघाली. १९४९ नंतर काही वर्षे रशियनला मान होता. १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेशाची गाओखाओ परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर इंग्रजीचे महत्त्व वाढत गेले. आज बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे आहेत, आणि जवळजवळ सगळे विद्यार्थी ती भाषा म्हणून इंग्रजीच घेतात. २००१ पासून तिसऱ्या इयत्तेतच इंग्रजी आणण्याचे धोरण आले. महाविद्यालयात १९८७ पासून ‘चौथी श्रेणी’ आणि मग ‘सहावी श्रेणी’ या परीक्षा आहेत. त्यांना बोलण्याची परीक्षा जोडली गेली ती १९९९ मध्ये, तीही वेगळी आणि ऐच्छिक. ऐच्छिक गोष्टीसाठी कामाच्या रेट्यातला विद्यार्थी किती वेळ देणार?

पण माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा शाळा-कॉलेजात सापडत नाही, तो नोकरीत सापडतो. चीनमध्ये डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांना वरचा व्यावसायिक हुद्दा, म्हणजे ‘च्र-छंग’, मिळायचा तर अनेक वर्षे इंग्रजीची एक राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. तिच्या अ, ब, क अशा पातळ्या होत्या आणि सर्वसाधारण, तंत्रविज्ञान व आरोग्य असे तीन विभाग होते. सगळे प्रश्न पर्यायांचे. ऐकणे नाही, बोलणे नाही, एक वाक्य स्वतःचे लिहिणेही नाही; आणि शब्दकोश सोबत न्यायला मुभा. परंपरागत चिनी औषधोपचार करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला, ज्याच्याकडे इंग्रजी बोलणारा रुग्ण कधी यायचा नाही, त्यालाही बढतीसाठी या पर्यायांवर खुणा कराव्या लागत. टीका वाढत गेली आणि २०१६-१७ च्या सुमारास सरकारने ती सरसकट सक्ती काढून घेतली. तोवर एका पिढीने चाळिशीपर्यंत हेच शिकून घेतले होते, की इंग्रजी म्हणजे चार पर्यायांतला एक. त्या पिढीतला कोणी परदेशात अर्ज करतो आणि परीक्षक त्याच्या डोळ्यांत बघून ‘का?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्याकडे उत्तराचा मजकूर असतो, पण ते उच्चारण्याचा सराव नसतो.

भाषेतल्या अंतराचा मुद्दा मी झटकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकाला चिनी शिकायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात असे धरते. उलट दिशेचा प्रवासही सोपा असणार नाही. चिनी क्रियापदाला काळ नसतो. ‘काल’ हा शब्द आला की पुरे, क्रियापद बदलत नाही. नामाला सहसा अनेकवचन लागत नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ लिहिताना वेगळे, पण उच्चारात तिन्ही ‘था’. त्यामुळे व्याकरण उत्तम येणारा माणूसही बोलण्याच्या ओघात आपल्या बायकोला ‘तो’ म्हणून जातो. यातले काही मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. ‘जरी… तरी’ ही आपली जोडी चिनीतही आहे, म्हणून चिनी भाषक इंग्रजीतही दोन्ही टोकांना अव्यय लावतो आणि गुण गमावतो. नकारार्थी प्रश्नाला ‘हो, नाही गेलो’ असे उत्तर आपण देतो तसेच तोही देतो. आणि आकडे! आपण लाख-कोटीत मोजतो, ते दहा हजारांच्या ‘वान’मध्ये आणि दहा कोटींच्या ‘यी’मध्ये. इंग्रजी मिलियन कानावर पडले की आपल्याला मनात दहा लाख करावे लागतात, त्याला शंभर वान. श्रवणाच्या परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. त्या एका रूपांतरात पुढचे उत्तर निसटते.

एक अडचण मात्र आपल्याला नाही. मँडरिनमधले अक्षर स्वराने संपते, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ्’ने, फार तर बेजिंगकडे ‘र’ने. शब्दाच्या शेवटी दोन-तीन व्यंजने एकत्र येणे हे त्या जिभेला परके. आता इंग्रजीचे अनेकवचन आणि भूतकाळ हे दोन्ही राहतात नेमके शब्दाच्या शेपटीत, ‘स’ आणि ‘ट-ड’च्या रूपात. चिनी इंजिनिअरला नियम पाठ असतो, कागदावर तो चुकत नाही, पण बोलताना ती शेपटी गळते आणि परीक्षकाच्या कानाला व्याकरणाची चूक ऐकू येते. तोंडी परीक्षेतले ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार हे चार निकष समान वजनाचे असतात. एका गळालेल्या ‘स’ने त्यातले दोन घायाळ होतात. पर्यायांच्या हजार प्रश्नांनी ही चूक सुधारत नाही, कारण त्या प्रश्नांत ती घडतच नाही.

आणि सगळा दोष अंतराचाच असता तर वाचनालाही तितकाच फटका बसायला हवा होता. चित्रलिपीसारख्या अक्षरांतून रोमन लिपीत यायचे, लांबलचक संबंधवाक्ये उलगडायची, हे काही कमी अंतर नाही. तरीही आयईएलटीएसकडून जाहीर होणाऱ्या सरासऱ्यांत चिनी भाषकांचे वाचन सर्वांत वर आणि लेखन-बोलणे खाली, हे चित्र वर्षानुवर्षे टिकून आहे. त्याच माणसांनी, त्याच मातृभाषेनिशी, जे घोटले त्यात उंची गाठली आहे.

यावर शिकवणीवर्गांनी जो उपाय काढला तो रोगाच्याच जातीचा निघाला. यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये बेजिंगमध्ये न्यू ओरिएंटल ही शिकवणीसंस्था सुरू केली. २००६ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली. टोफेल-जीआरई घेणाऱ्या ईटीएसने प्रश्नपत्रिकांच्या स्वामित्वहक्कावरून तिच्यावर बेजिंगच्या न्यायालयात खटला भरला आणि जिंकला. याच काळात ‘जीजिंग’ रुळले: परीक्षा देऊन बाहेर पडलेल्यांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांचा साठा. २००२ मध्ये ईटीएसला चीन, तैवान, हाँगकाँग आणि दक्षिण कोरियात संगणकावरची जीआरई थांबवून पुन्हा कागदावर यावे लागले, इतके हे प्रश्न पसरले होते. आयईएलटीएसच्या तोंडी प्रश्नांचा संच ठरावीक महिन्यांनी बदलतो. त्या काळाला ‘प्रश्न बदलण्याचा हंगाम’ म्हणतात आणि लोक त्याप्रमाणे परीक्षेची तारीख निवडतात. निबंधाचे साचे विकले जातात: पहिले वाक्य असे, दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी, मोकळ्या जागेत विषय घाला. १९०५ मध्ये रद्द झालेल्या राजपरीक्षेतल्या आठ अंगांच्या ठरीव निबंधाची आठवण चिनी टीकाकारांनाच यावरून होते.

साचे चालतात, असा यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. काही काळापुरते ते चालतात. वाक्यच न सुचणाऱ्याला साचा पाच-साडेपाचपर्यंत नेतो. पण पाठ केलेली भाषा ओळखायचे शिक्षण परीक्षकांना दिलेले असते, आणि वरच्या बँडांचे निकष नेमके तेच मागतात जे साच्यात नसते: प्रश्नाला थेट भिडणे, विचार पुढे नेणे, शब्द नेमका निवडणे. ब्रिटनच्या परिचारिका नोंदणीला वाचन, श्रवण आणि बोलण्यात सात, लेखनात साडेसहा लागतात. डॉक्टरांना एकूण साडेसात, आणि कुठेही सातच्या खाली नाही. साच्याचा जिना या मजल्यापर्यंत येतच नाही. म्हणूनच सहा-साडेसहावर इतकी गर्दी दिसते. पाचव्या-सहाव्यांदा परीक्षा देणारी परिचारिका आळशी नसते. ती चुकीच्या जिन्यावर इमानाने चढत असते.

परीक्षा वेगळी असली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण आकाशात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. त्यांपैकी कझाक विमानातल्या कर्मचाऱ्यांचे तोकडे इंग्रजी हे त्यामागच्या कारणांत धरले जाते. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून वैमानिक व नियंत्रकांसाठी इंग्रजीची किमान चौथी पातळी लागू केली. पातळ्या सहा, निकषही सहाच: उच्चार, रचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद. इथला एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आयईएलटीएस चार कौशल्यांची सरासरी काढते, त्यामुळे वाचनातले आठ बोलण्यातल्या सहाला सावरून घेतात. वैमानिकाची पातळी मात्र त्याच्या सर्वांत दुबळ्या निकषाइतकीच धरली जाते. आकलन पाचवर आणि उच्चार तीनवर असेल, तर पातळी तीन. अशा परीक्षेत चिनी वैमानिकाला वाचनाच्या आधाराने निभावून नेता येत नाही. त्याला धुरकट आवाजातले बोलणे ऐकावे लागते आणि उत्तर द्यावे लागते, आणि चौथ्या पातळीवर थांबला तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा असते.

आरोग्यक्षेत्रात ऑस्ट्रेलियात जन्मलेली ओईटी ही परीक्षा याच वाटेने जाते. बोलण्याच्या भागात परिचारिकेला परिचारिकाच व्हायचे असते, समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक होतो. लेखनात टिपणांवरून १८० ते २०० शब्दांचे पत्र, बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणीचे, लिहायचे असते. रुग्णाची भीती ऐकून घेतली का, माहिती टप्प्याटप्प्याने दिली का, यालाही गुण आहेत. ब्रिटनची परिचारिका नोंदणी २०१७ पासून ती स्वीकारते. या परीक्षेची तयारी करणारी बाई आपले रोजचे कामच इंग्रजीत करून पाहत असते, आणि निकाल काहीही लागो, ती तयारी वॉर्डात उपयोगी पडते.

परीक्षा कामापुरती केली तर भाषा अरुंद होईल, असे काही भाषाशिक्षक म्हणतात. वॉर्डात रुग्ण नातवाच्या लग्नाबद्दलही बोलतो, आणि तेही समजायला हवे. हा मुद्दा मला पटतो. पण वैमानिकांच्या परीक्षेनेच त्याचे उत्तर दिले आहे: विमानचालनाच्या ठरीव वाक्यांबरोबर साधी इंग्रजीही तिथे तपासतात, कारण विमानात कोणी प्रवासी कोसळला तर ठरीव वाक्य नसते. कामाची परीक्षा चांगली असेल तर तिच्यात अनपेक्षिताला जागा ठेवता येते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. सगळ्यांना ओईटी नसते. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थलांतराचे गुण मोजताना इंजिनिअरला सर्वसाधारण परीक्षाच द्यावी लागते, आणि दहा तासांच्या पाळीनंतर त्याच्याकडे रात्रीचा एक तास असतो. त्याने साचे पाठ करू नयेत तर काय करावे? माझे उत्तर असे, की वेळ कमी आहे म्हणूनच पाठांतर जपून खर्च करावे. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. पाढे आणि कविता मुखोद्गत करणाऱ्या आपल्या परंपरेला ते कळते, आणि चिनी ‘बेई’ची, म्हणजे मुखोद्गत करण्याची, परंपरा त्याहून कमी नाही. डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्स यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ‘द चायनीज लर्नर’ या ग्रंथाने दाखवले, की चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाठांतर आणि समज ही नेहमी परस्परांची वैरी नसतात. पुन्हा पुन्हा म्हणताना अर्थ खोल जातो. पण तोंडात लय बसावी म्हणून चांगला उतारा पाठ करणे वेगळे आणि दुसऱ्याने लिहिलेले उत्तर आपले म्हणून सांगणे वेगळे. पाण्याकाठच्या जागेचे वर्णन करा म्हटल्यावर न पाहिलेल्या सरोवराबद्दलचे वाक्य आठवण्यात इंजिनिअरची सारी शक्ती जाते. त्याऐवजी त्याच्या कारखान्याजवळचा कालवा, त्यातले पाणी कशाने काळवंडले, हे तो बोलू लागला तर आशय त्याच्याजवळ तयारच असतो, आणि सगळे लक्ष भाषेकडे राहते.

म्हणून त्या एका तासात, आजच्या कामाचा दोन मिनिटांचा अहवाल इंग्रजीत बोलून फोनवर मुद्रित करणे मला वीस सराव उताऱ्यांपेक्षा मोलाचे वाटते. मग तो अहवाल परत ऐकायचा आणि एकच गोष्ट मोजायची: शब्दांच्या शेवटची किती ‘स’ आणि ‘ड’ गळली. उद्या तोच अहवाल पुन्हा. पुढच्या आठवड्यात ‘था’चा ‘तो’ की ‘ती’. त्यानंतर आकडे: यंत्राची किंमत वानमधून मिलियनमध्ये, न थांबता. असाच सराव नाशिकची परिचारिका आपल्या ‘व’च्या दोन इंग्रजी उच्चारांसाठी आणि लाखांच्या हिशेबासाठी करू शकते, ब्रिटनच्या त्याच नोंदणीसाठी ती त्याच प्रश्नपत्रिकेपुढे बसलेली असते. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. वर्षानुवर्षे मुकी राहिलेली भाषा त्या फोनमधून अडखळत बाहेर येते, मधेच चिनी शब्द घुसतो, वाक्य अर्धे राहते, आणि तो माणूस ते पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.