बोटांनी ओळखावी नोट

घरात कोणी अंध असले की बहुतेक ठिकाणी एक रिवाज पडून जातो. “तुला काय दिसतंय, आण इकडे,” असे म्हणून त्याचे पैसे दुसरा कोणीतरी ठेवून घेतो. हेतू वाईट नसतो. पण मजुरी त्याची, दुधाचे पैसे त्याचे, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही त्याच्याच नावाचे. आणि चहाला पाच-दहा रुपये हवे असले तरी मागायचे मात्र दुसऱ्याकडे! खरे तर नोट डोळ्यांवाचूनही ओळखता येते. ती कशी, हे घरातल्या सगळ्यांनीच समजून घेण्यासारखे आहे.

अंध माणूस नोट ओळखतो ती मुख्यतः तिच्या मापावरून. पूर्वी हे काम सोपे होते. जुन्या मालिकेतली १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब, ५०० ची १६७ आणि हजाराची १७७. दोन नोटांत सरळ एक सेंटिमीटरचा फरक असे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा बंद झाल्या आणि पुढे एकेक करून नव्या मापाच्या नोटा आल्या. आता १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. म्हणजे फरक उरला चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या एका दाण्याएवढा! रुंदी तर तिघींची एकच, ६६ मिलिमीटर. या अडचणीवरून राष्ट्रीय अंधजन मंडळाने मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली.

त्यात आणखी एक गुंता आहे. १००, ५०, २० आणि १० च्या जुन्या नोटा अजून चालतात. त्यामुळे जुनी शंभराची नोट नव्या पाचशेपेक्षा मोठी लागते. जुनी वीसची १४७ मिलिमीटर आणि नवी दोनशेची १४६! नुसत्या लांबीवर भरवसा ठेवला तर वीसच्या जागी दोनशे हातचे जायचे.

पुठ्ठ्याची मापपट्टी

यावर घरच्या घरी उपाय करता येतो. वहीच्या जाड पुठ्ठ्याची बरोबर १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. हे नव्या पाचशेच्या नोटेचे माप. पट्टीच्या एका टोकापासून मोजून १२३, १२९, १३५, १४२ आणि १४६ मिलिमीटरवर, एकाच बाजूच्या कडेला, बोटाला लागतील अशा बारीक खाचा पाडा. अनुक्रमे १०, २०, ५०, १०० आणि २०० च्या नव्या नोटांच्या या खुणा झाल्या.

नोट सरळ करून पट्टीवर ठेवावी आणि आधी रुंदी पाहावी. रुंदीला नोट पट्टीबाहेर आली तर ती जुनी ५० ची किंवा १०० ची. त्यातली शंभराची लांबीलाही सात मिलिमीटर बाहेर येते. नोट रुंदीला कमी पडली तर ती १० ची किंवा २० ची, मग जुनी असो वा नवी. रुंदी बरोबर बसली तरच लांबी पाहून ५०, १००, २०० की ५०० ते ठरवावे. “आधी रुंदी, मग लांबी” हा क्रम पक्का केला म्हणजे वीस आणि दोनशेचा घोळ होत नाही.

नोटेवर उठावाच्या खुणाही असतात. नव्या शंभराच्या दोन्ही कडांना चार तिरक्या रेषा, दोनशेला चार रेषा आणि मध्ये दोन लहान वर्तुळे, पाचशेला पाच रेषा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. पण मळलेल्या, चुरगळलेल्या नोटेवर उठाव झिजतो. म्हणून खुणेचा आधार घ्यावा, भिस्त मापावर ठेवावी.

घडीची खूण

एकदा ओळखलेली नोट पुन्हा पुन्हा ओळखावी लागू नये म्हणून घडी उपयोगी पडते. पाचशेची सरळ ठेवावी, दोनशेची लांबीत दुमडावी, शंभराची मधोमध मोडावी, लहान नोटा वेगळ्या कप्प्यात टाकाव्यात. रीत ज्याची त्याने ठरवावी, पण एकदा ठरली की मोडू नये. घरच्यांनीही त्या बटव्यातल्या नोटा “नीट लावून ठेवल्या” असे करू नये. तुमची ती टापटीप, त्याचा मात्र सगळा हिशेब विस्कटतो.

नाण्यांत २० रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे, ते हाताला लगेच कळते.

मोबाईलची मदत

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ नावाचे मोफत अॅप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगते. एकदा मोबाईलवर घेतले की वापरताना इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. तेव्हा मोठी रक्कम शक्यतो बँकेतूनच घ्यावी. अंध ग्राहकाला खाते, चेकबुक, एटीएम या सोयी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवले आहे.

देणाऱ्याने काय करावे?

जालन्याचा मोंढा असो, अंबड-भोकरदनचा बाजार असो की गावातले किराणा दुकान, अंध माणसाला पैसे देताना नोटांची चळत हातात कोंबू नये. एकेक नोट द्यावी आणि “ही पाचशेची, ही शंभराची” असे मोठ्याने म्हणावे. फाटकी, चिकटवलेली नोट देऊ नये. कोपरा गेला की माप चुकते. आणि तो नोट चाचपून पाहत असेल तर थांबावे. तो तुमच्यावर संशय घेत नाही. आपण दोनदा मोजून घेतो, तसाच तोही मोजतो आहे.

येत्या हंगामात कापूस वेचणीची मजुरी वाटाल तेव्हा घरातल्या वा शेजारच्या अंध माणसाचे पैसे त्याच्याच हातावर ठेवा. सुरुवातीला वेळ लागेल. चार दिवसांत बोटे तयार होतात. मग त्याला कुणाकडे हात पसरावा लागत नाही; उलट अडीनडीला घरातले लोकच त्याच्या बटव्याकडे पाहू लागतात!