ग्राफिक्स कार्डचा पंखा घरघरू लागला तर

कापडाच्या धंद्यात पूर्वी नमुन्यांचे गाठोडे बांधून गिऱ्हाइकाच्या दारात जावे लागे. आता गिऱ्हाईक आधी पडद्यावर डिझाईन मागते. दुपट्टा कसा पडेल, कुर्त्याच्या घेरावर वेल कशी दिसेल, हे दाखवल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यांच्या गाळ्यातही संगणक आला आणि त्याच्या पोटात ग्राफिक्स कार्ड आले. बऱ्याच संगणकांत हाच सर्वांत महाग भाग असतो. मात्र त्याचा जीव असतो त्यावरच्या दोन-तीन स्वस्त पंख्यांत. पंखा आवाज करू लागला की काय करावे आणि काय करू नये, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. वाचकांचे तेवढे नुकसान टळावे म्हणून हा लेख.

आमची हकिकत

आमचा गाळा जासईला. गाव उरण तालुक्यातले, पण बाजारहाट पनवेलचा. गेल्या रमजान ईदच्या हंगामाआधी आमच्या संगणकातून सकाळी सुरू करताना घरघर ऐकू येऊ लागली. पाच-दहा मिनिटांत ती थांबे. आम्ही म्हटले, चालते आहे ना, चालू द्या. असे दोन महिने गेले. मग लग्नाच्या एका मोठ्या ऑर्डरची डिझाईन तयार होत असताना पडदा अडखळू लागला आणि संगणक आपोआप बंद पडला. डिझाईन तिसऱ्या दिवशी द्यायचे होते. बयाणा घेतलेला होता.

एका दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, ‘‘शेठ, कार्ड गेलं. यावर पैसे घालू नका, नवीन घ्या.’’ नव्या कार्डाचे चोवीस हजार सांगितले. आम्ही पैसे काढण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, ‘‘चाचा, जरा थांबा. कॅबिनेट उघडून चालू करून बघू.’’ उघडून पाहिले तर दोन पंख्यांपैकी एक ठप्प होता आणि दुसरा रडतखडत फिरत होता. कार्ड शाबूत होते. पंख्यांची नवी जोडी आम्हाला नऊशे रुपयांत मिळाली.

पंखा लागतो कशाला?

कार्ड जेवढी वीज खाते, जवळजवळ तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एन्व्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे २०१६ सालचे मध्यम कार्ड १२० वॉटचे आहे. शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला ज्याने हात लावला आहे, त्याला ही उष्णता समजेल. २०२२ सालचे आरटीएक्स ४०९० तर ४५० वॉटपर्यंत जाते. ही उष्णता चिपवरून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत जाते आणि पंखे त्या पत्र्यांवर हवा मारून ती बाहेर टाकतात.

पंखा मंदावला की चिप तापते. १०६० साठी कंपनीने ९४ अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा दिली आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड आपला वेग स्वतःच कमी करते. म्हणून पडदा अडखळतो. तरीही उष्णता वाढली तर संगणक बंद पडतो. कार्ड स्वतःचा बचाव करते, असा याचा अर्थ. तेव्हा संगणक बंद पडला म्हणजे कार्ड जळाले, असे लगेच समजू नये. पण रोजच असे तापत राहिले तर आतली पेस्ट सुकते, शेजारचे भाग कमजोर होतात आणि मग मात्र कार्ड खरोखर जाते.

आवाज ओळखा

हकीम जशी नाडी पाहतो, तसा आधी आवाज ऐकावा. आवाजाचे ढोबळ चार प्रकार आहेत.

पहिला, वाऱ्यासारखा मोठा सूं-सूं आवाज. पत्र्यांत धूळ बसली की तेवढाच गारवा देण्यासाठी पंख्याला जास्त जोरात फिरावे लागते. इथे सफाई पुरते.

दुसरा, टकटक. एखादी वायर पात्याला लागत असते किंवा पाते मोडलेले असते. वायर बाजूला बांधावी. पाते मोडले असेल तर पंखा बदलावा.

तिसरा, घरघर किंवा खरखर, विशेषतः थंड संगणक सुरू करताना. हा बेअरिंगचा आवाज. स्वस्त पंख्यांत साधे बुश असते, त्यातले तेल उष्णतेने सुकते. गोळ्यांचे बेअरिंग आणि तेलाच्या दाबावर तरंगणारे बेअरिंग जास्त टिकतात. गरम झाल्यावर घरघर थांबते म्हणून दोष गेला असे नाही. आम्ही नेमके इथेच फसलो.

चौथा, बारीक किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज, जो कामाचा ताण वाढला की बदलतो. हा पंख्याचा आवाजच नव्हे. कार्डावरच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज जाताना ती सूक्ष्म थरथरतात, त्याचा तो आवाज. कानाला त्रास होतो, पण सहसा कार्डाला धोका नसतो. यासाठी पंखा बदलण्याचा खर्च करू नये.

खात्रीसाठी आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग कमी-जास्त करून पाहावा. वेगाबरोबर आवाज बदलला तर दोष पंख्याचा. तिथेच तापमानही दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे हलक्या कामात मुद्दाम बंद राहतात आणि कार्ड तापल्यावरच फिरू लागतात. पंखा थांबलेला दिसला की तो मेला, असे समजू नये.

सफाई कशी करावी

कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रू खोलू नये, बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे. वॉरंटी संपली असेल तर संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावावा, नाही तर अंगावरची स्थिर वीज कार्डाला इजा करू शकते. मग कार्डाचा वीजपुरवठ्याचा प्लग खटका दाबून काढावा, मागचा स्क्रू सोडवावा, खाचेचा खटका उघडावा आणि कार्ड सरळ वर ओढावे. जोर करू नये.

मऊ कोरड्या ब्रशने आणि हाताने दाबायच्या ब्लोअरने धूळ काढावी. हवा मारताना पात्यांवर बोट ठेवून पंखा धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. टायर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरू नये. त्या हवेत पाणी आणि तेल येते. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

तेल घालावे का?

शिलाई मशीन वापरणाऱ्या कापडवाल्याला हा प्रश्न आधी सुचतो. साध्या बुशच्या पंख्यात मधल्या गोल चकतीवरचे स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला तर आवाज थांबू शकतो. सगळ्या पंख्यांत तशी जागा नसते, काही पूर्ण बंद असतात. शिवाय हा तात्पुरता इलाज आहे. झिजलेले बुश तेलाने भरून येत नाही. खोबरेल तेल मुळीच घालू नये, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. गंज काढायचा स्प्रेही नको. तो उरलेसुरले वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

पंखा बदलताना

पंख्याच्या मागे किंवा मधल्या चकतीवर बारीक अक्षरांत नंबर असतो. तो लिहून घ्यावा आणि फोटोही काढावा. व्होल्टेज बहुधा १२ असते. पात्यांचा व्यास, स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर आणि प्लगच्या पिना या तीन गोष्टी जुन्या पंख्याशी जुळवून पाहाव्यात. चार पिनांच्या प्लगमध्ये दोन वायरी विजेच्या, एक वेग सांगणारी आणि एक वेग ठरवणारी असते. दोन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसवण्याची खटपट करू नये. पंखे दोन असतील तर दोन्ही बदलावेत. त्यांचे आयुष्य सारखेच खर्च झालेले असते.

काही कार्डांत वरचे प्लास्टिक काढले की पंखे हाती येतात. काहींत पत्र्यांचा सारा संचच उचलावा लागतो. संच उचलला तर चिपवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावलीच पाहिजे. यात हात बसलेला नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, मजुरी वाया जात नाही. सुटे पंखे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर शोधावेत. या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण व्यापारी जुन्याच नावाने ओळखतात.

आमची तीन दिवसांची मुदत मात्र पंखे येईपर्यंत थांबणार नव्हती. पुतण्याने मेलेले पंखे आणि प्लास्टिक काढले. मग कॅबिनेटचे दोन साधे १२० मिलिमीटरचे पंखे नायलॉनच्या पट्ट्यांनी कार्डाच्या पत्र्यांवर बांधले आणि ते मदरबोर्डच्या पंख्याच्या प्लगवर लावले. दिसायला ओबडधोबड, पण तापमान सत्तर अंशांच्या वर गेले नाही. डिझाईन वेळेत गेले, बयाणा परत करावा लागला नाही. अडचणीच्या वेळी हा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दोष कोणाचा?

पंखे काढले तेव्हा पत्र्यांमध्ये राखाडी नमदा जमलेला होता. त्यात कापडाची रुई होती, रस्त्याची धूळ होती आणि चिकटपणाही होता. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून या भागात कंटेनरच्या गाड्यांची रहदारी आहे. खाडीची खारी, दमट हवा धुळीचा चिखल करते. त्यात आम्ही गाळ्यात लोबान जाळतो आणि संगणक त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवला होता. ठाण उलगडताना उडणारी रुई नेमकी त्याच उंचीवर उतरते. तेव्हा दुरुस्तीवाल्याने घाई केली हे खरे, पण कसूर आधी आमचीच होती.

आता कॅबिनेट टेबलावर आहे, लोबान दुसऱ्या कोपऱ्यात आहे आणि दर तीन महिन्यांनी सफाई होते. त्या तारखा आम्ही उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो, म्हणजे विसर पडत नाही.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी

जुने कार्ड स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इथेरियम या आभासी चलनासाठी जगभर हजारो कार्डे रात्रंदिवस चालवली जात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, तो धंदा बसला आणि अशी कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांची चिप ठीक असू शकते, पण पंखे थकलेले असतात. घेताना संगणक बंद ठेवून पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि आजूबाजूला डुलता कामा नये. मग चालू करून पूर्ण वेगावर आवाज ऐकावा. दोष दिसला तर नव्या पंख्यांची किंमत सौद्यातून कमी करून घ्यावी.

ठाणाला कसर लागली तर आपण गोदामाला आग लावत नाही, कसर झटकतो. इथेही तोच हिशेब. कोणी ‘नवीन घ्या’ म्हणाले तर आधी कॅबिनेट उघडायला सांगावे, पंखा फिरतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच खिशात हात घालावा. आणि पहिली घरघर ऐकू आली त्याच आठवड्यात सफाई करावी. आमच्यासारखे दोन महिने थांबू नये.